मोजा

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी पुण्याहून नवऱ्याचा फोन आला. "लाल दाखवतंय. बघ लवकर!"

मे महिना, नागपूर, आणि खिडकीतला कूलर मालगाडीसारखा धडधडत होता. त्या आवाजात टेबलावरचं ते डबीएवढं यंत्र केव्हापासून ठणाणा करत होतं कुणास ठाऊक. एका हाताच्या अंतरावर झोपलेल्या मला ते ऐकू आलं नाही, आणि सातशे किलोमीटरवर त्याला मोबाइलवर दिसलं. मोबाइलच्या उजेडात मी लेकीच्या पायाकडे पाहिलं. ऑक्सिजन आणि ठोके मोजणारा मोजा घामाने टाचेवरून निसटून बोटांना लटकत होता. लेक मूठ तोंडाशी धरून गाढ झोपलेली, पोट वरखाली होत होतं. मी पोटावर हात ठेवला. तेवढ्याने भागेना म्हणून नाकाशी बोट धरलं. ती दचकून उठली आणि उजाडेपर्यंत तिने घरातल्या कुणालाही डोळा लावू दिला नाही.

आई दारात येऊन म्हणाली, "पोरगी झोपली होती नं? मंग उठवली काहून?"

मोज्याने सांगितलं म्हणून, हे उत्तर माझं मलाच ऐकवेना.

आमची मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली. डोहाळजेवणाची तारीख ठरली होती, हिरवी साडी आणून ठेवली होती. त्या तारखेला लेक पाच दिवसांची होऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात, एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत होती. वजन १६५० ग्रॅम. योगायोगाने तीच पाचवीची रात्र. सटवाई येते, कपाळावर लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, बाळाजवळ बायकांनी जागायचं. आईने घरी पाटावरवंटा मांडून सगळं केलं, पण तिला रात्रभर एकच घोर: सटवाई घरी येऊन बाळ नाही पाहून परत गेली तर? एनआयसीयूचा पत्ता तिला कोण सांगणार? तिकडे बाळाजवळ जागायला एक केरळची सिस्टर होती. ती रोजच जागायची.

वेळेआधी आलेल्या बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं. बाळ मधूनच श्वास घ्यायचा विसरतं. वीस सेकंदांवर विसरलं, किंवा त्याहून कमी विसरूनही हृदयाचे ठोके मंदावले, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. मॉनिटर ओरडायचा, सिस्टर येऊन पेटीत हात घालून तळपायाला टिचकी मारायची, आणि बाईसाहेब काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा श्वास घ्यायला लागायच्या. यावर औषध कॅफिन. बाबांनी डॉक्टरांना दोनदा विचारलं, "म्हणजे कॉफीतलंच?" हो, कॉफीतलंच. तीन पिढ्या चहावर वाढलेल्या घरात ही पहिली कॉफीवाली.

चोवीस दिवस. कॅफिन बंद करून सात दिवस एकदाही विसर पडला नाही, तेव्हा घरी सोडलं. लोकांना वाटतं, एनआयसीयूतून बाळ घरी आलं की आईचा जीव भांड्यात पडतो. माझा तर भांड्याबाहेरच पडला. तिथे डोक्यावर हिरवा आकडा ठोक्यांचा, निळा ऑक्सिजनचा, पांढरी रेघ श्वासाची. चोवीस दिवस मी लेकीला आकड्यांवरून ओळखत होते. घरी आले तर लेक होती, आकडे नव्हते. एवढं शांत घर मी कधी ऐकलं नव्हतं.

मोजा न्यू जर्सीच्या दिरांनी पाठवला. पण डब्यावर किमान वजन सहा पाउंड लिहिलेलं, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, आणि लेक दोन किलोचीही नव्हती. त्यामुळे अख्खा एप्रिल मोजा कपाटात आणि लेक माझ्या छातीवर. दवाखान्यात शिकवलेलं कांगारू: बाळाला लंगोट आणि टोपी एवढंच, आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं, वरून ओढणी. ही रीत कोलंबियातल्या बोगोटाची. १९७८ साली तिथल्या एका सरकारी दवाखान्यात पेट्या कमी आणि बाळं जास्त झाली तेव्हा डॉक्टरांनी आयांनाच पेटी केलं. नागपूरच्या एप्रिलमध्ये दोन माणसांनी एकमेकांना चिकटून बसणं म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. घामाने दोघींची कातडी एक व्हायची. पण त्या महिनाभरात मला आकडे आठवले नाहीत. तिचा श्वास थेट माझ्या बरगडीवर लागत होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात पावणेतीन किलो भरले. मोठ्या समारंभाने मोजा चढवला. ज्या पायात चढवला त्याच पायात आईने आधीच काळा दोरा बांधला होता. सेन्सर दोऱ्यावर बसेना. आईला म्हटलं, दोरा दुसऱ्या पायात बांध. ती म्हणाली, तुझा मोजा बांध दुसऱ्या पायात. बराच वेळ बोलणी चालली. शेवटी मोजा डाव्या पायात गेला, दोरा उजव्यात राहिला आणि दोन्ही खाती आपापल्या कामाला लागली.

ह्या मोज्याच्या पोटात काय असतं ते मी रात्री दूध पाजताना एका हाताने वाचलं. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, न घेतलेलं जास्त. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचं उलटं. म्हणून दोन दिवे, एक ६६० नॅनोमीटरचा आणि एक ९४० चा, बाळाच्या पावलातून आरपार जातात, आणि पलीकडे किती पोचलं त्याचा हिशेब होतो. पण कातडी, हाड, चरबी हेही प्रकाश खातात. त्यातून रक्त वेगळं कसं काढायचं? ही युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्याची. तो खरं तर हृदय किती रक्त ढकलतं ते रक्तात रंग सोडून मोजायच्या खटपटीत होता, आणि नाडीचे ठोके त्याच्या आलेखात लुडबुड करत होते. लुडबुड घालवायला गेला आणि लक्षात आलं, आपल्याला हवं ते माप तिथेच दडलंय. दर ठोक्याला जे वाढतं-घटतं तेच धमनीतलं रक्त. हे त्याने १९७४ साली मांडलं. २०२० च्या एप्रिलमध्ये, अख्खं जग बोटाला तो चिमटा लावून बसायला लागलं होतं तेव्हा, तो गेला.

लुडबुडीतून निघालेलं यंत्र लुडबुडीलाच घाबरतं. बाळाने पाय झाडले की शिरांतलं रक्तही हलतं, मग ठोका कुठला आणि लाथ कुठली हे त्याला कळत नाही. आमच्या लेकीला लाथा झाडणं हा एकच छंद. आणखी एक गोष्ट वाचली ती मला चिकटून राहिली: २०२० साली अमेरिकेत मोठ्या माणसांवर झालेल्या एका अभ्यासात, काळ्या रुग्णांची ऑक्सिजनची घट या यंत्रांच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा सुटली होती. लेक रंगाने माझ्यावर गेली आहे. सासरी हे बोलून झालं आहे. पण त्या रात्री पहिल्यांदा त्या रंगाची काळजी वेगळ्या कारणाने वाटली.

वाचायला लागलं की थांबता येत नाही, विशेषतः पहाटे साडेतीनला. घरात श्वास मोजायच्या यंत्रांचा धंदा कुठून सुरू झाला ते शोधता शोधता मी १९७२ सालच्या एका अमेरिकन शोधनिबंधापाशी पोचले. एकाच घरातली बाळं झोपेत जात होती. डॉक्टरांनी मांडलं की श्वास थांबण्याची खोड घराण्यातच असते आणि यंत्र लावलं तर बाळ वाचेल. त्या निबंधावर वीसेक वर्षं हजारो घरांत यंत्रं गेली. निबंधातली दोन बाळं दवाखान्यातून घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी दगावली होती. आणि १९९५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यायालयात त्या घरातल्या पाचही मुलांच्या खुनाबद्दल त्यांच्या आईला दोषी ठरवलं गेलं. मी मोबाइल उलटा करून ठेवला. दूध पिता पिता लेक झोपली होती. बराच वेळ मी तिला खाली ठेवलं नाही.

नंतरचं वाचन कमी भयानक, पण मला जास्त लागू. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हजारावर बाळांना घरी यंत्रं लावून पाहिलं, तर पूर्ण दिवसांची धडधाकट बाळंही अधूनमधून श्वास थांबवताना सापडली. आपण फक्त पाहत नव्हतो. आणि कमी दिवसांच्या बाळांना जो जास्तीचा धोका असतो तो गर्भाचे ४३ आठवडे भरेपर्यंत ओसरतो. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून मोजलं: आमचे ४३ आठवडे मेच्या १९ तारखेला भरत होते. म्हणजे वजनाच्या अटीपायी मोजा उशिरा पायात चढला, आणि ज्या भीतीसाठी चढला ती दोन आठवड्यांत मुदतबाह्य होणार होती. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर सरळ सांगतात की पाळण्यातला अचानक मृत्यू टाळण्यासाठी घरगुती मॉनिटरवर विसंबू नका. बाळाला पाठीवर झोपवा, गादी कडक ठेवा, उशा-दुलया काढा, जवळ कुणी बिडी-सिगारेट ओढू नका. १९९४ पासून तिकडे पाठीवर झोपवायची मोहीम चालली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्यात चार्जिंगला लावायचं काही नव्हतं.

तरी मी १९ मेला मोजा काढला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. उलट बाबांनी, सगळा जन्म वीज मंडळात काढलेल्या माणसाने, त्या डबीसाठी इन्व्हर्टरवरून वेगळी वायर ओढून दिली, की लाइट गेली तरी हिचं चालू राहिलं पाहिजे. नवरा रोज सकाळी स्क्रीनशॉट पाठवायचा: रात्रीची ऑक्सिजनची सरासरी ९७, झोप सहा तास चाळीस मिनिटं. त्याला लेकीला घेता येत नव्हतं, आकडे घेता येत होते. त्याची चेष्टा करावीशी वाटते, पण करत नाही. मीही काही वेगळी नव्हते. लेक रडायला लागली की मी आधी मोबाइल उचलायची, मग लेकीला. आईने एकदाच म्हटलं, "मोबाइलमंदी काय पाहून राह्यली? हे काय, तुह्या पुढ्यात आहे नं ती." एकदाच म्हटलं, पण चांगलं लागलं.

आता मालिशवाल्या मावशींबद्दल. त्या सकाळी आठला यायच्या, पाय लांब करून मोरीत बसायच्या आणि लेकीला नडगीवर पालथं घालायच्या. त्यांच्याशी माझं रोज एक भांडण व्हायचं. कानात तेल घालू नका, नाकात घालू नका, मध चाटवू नका, धुरी नको, डोकं दाबून गोल करू नका. "तुमच्या मायलेकींचं शिक्षण भारीच बाप्पा," म्हणून त्या माझ्यासमोर नाही घालायच्या, आणि मी आत गेले की घालत असाव्यात. त्यामुळे पुढचं वाचून कुणी त्यांचं देव्हाऱ्यात पूजन करू नये. मी करत नाही.

जुलैत पाऊस लागला. लेकीला सर्दी झाली, घरात सगळ्यांनाच होती. दोन दिवस ती कुरकुरली, दूध अर्धवट सोडायला लागली. मोजा म्हणत होता ९७, हिरवा दिवा. मी नवऱ्याला कळवलं, सर्दी आहे, आकडे ठीक आहेत. तिसऱ्या दिवशी मावशींनी अंघोळीसाठी तिचं झबलं काढलं, मोजा काढून बाजूला ठेवला, तिला नडगीवर उताणी घेतली आणि तांब्या हातातच राहिला.

"मोठ्या बाई, इकडे या नं जरा. हे पाहा. बरगडीखाली गड्डा पडून राह्यला हिच्या."

मी पाहिलं. प्रत्येक श्वासाला छातीच्या पिंजऱ्याखालची कातडी आत ओढली जात होती. मऊ मातीत अंगठा दाबावा तशी. बाहेर, आत. बाहेर, आत. चटचट चालला होता श्वास. हे कधीपासून चाललं असेल? रात्रभर मी झबल्यावरून तिच्याकडे आणि झबल्याबाहेरच्या पायाकडे पाहत होते.

पुन्हा मोजा चढवून तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे आहेत, मेडिकलचे, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे, जुने विद्यार्थी, फी अजून दोन आकड्यांची वाटावी इतकी कमी. मी टेबलावर मोबाइल ठेवून सांगायला लागले, सर, सॅच्युरेशन ९७ आहे, काल रात्री सरासरी... त्यांनी हात वर केला. "मोजा."

मी लगेच वाकून लेकीच्या पायातला मोजा काढायला लागले.

"तो नाही हो. श्वास. श्वास मोजा. मीही मोजतो, तुम्हीही मोजा. पूर्ण मिनिट."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. लेकीचं झबलं वर. खोलीत पंखा, बाहेर पाऊस, आणि आम्ही दोघं एका चार महिन्यांच्या पोटाकडे टक लावून. एक मिनिट किती मोठं असतं हे मला तेव्हा कळलं. त्यांचे ६२ झाले, माझे ६०. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास, वर छाती ओढली जातेय, दूध कमी, भरती करायचं. मग त्यांनी स्वतःचा चिमटा तिच्या पावलाला लावला. ९६. "तुमचं यंत्र खोटं नाही बोलत," ते म्हणाले. "पोरगी जिवाच्या आकांताने श्वास ओढून आकडा टिकवून धरते आहे. दमली की पडेल."

चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी गडचिरोलीची गोष्ट सांगितली. आमच्याच मेडिकलमधून शिकलेले अभय आणि राणी बंग हे डॉक्टर नवरा-बायको तिथे गेले, ऐंशीच्या दशकात 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावोगावी लेकरं निमोनियाने जायची. निदान श्वासांच्या मोजणीवर, आणि गावातल्या दाईला साठपर्यंत आकडे येत नाहीत. मग त्यांनी एक पाटी बनवली: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत सगळ्यांना येतं. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर निमोनिया, आणि औषधाची बाटली दाईच्या हातातच. १९९० मध्ये हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे तिथल्याच नवजात बाळांच्या कामातून आशाताई घरी येऊन बाळ तपासते ती पद्धत निघाली, २०११ पासून देशभर. जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत.

मला ती मण्यांची पाटी डोळ्यांपुढून हलेना. तिलाही लाल होतंच. पण लाल झालं की पुढे काय हे तिच्याबरोबरच आलेलं होतं. माझा मोजा लाल झाला की मी नवऱ्याला फोन करायची किंवा नवरा मला.

निदान ब्राँकायोलायटिसचं निघालं, विषाणूचा, बारक्या श्वासनळ्या सुजवणारा. भरती झाल्यावर पहिल्या रात्री, दोनच्या सुमारास, भिंतीवरच्या मॉनिटरचा आकडा ९३ झाला, ९१, ८९. मी हाक मारायला तोंड उघडलं तोवर सिस्टर खुर्चीतून उठून आली होती. तिने आधी आकड्याकडे पाहिलं नाही. लेकीची छाती पाहिली, नाक साफ केलं, नळी नाकाशी बसवली, ऑक्सिजन सोडला, मान थोडी उंच केली आणि मग वर पाहिलं. ९४. ती परत जाऊन रजिस्टर लिहायला बसली. दिवे तेच, ६६० आणि ९४०. यंत्र बहुधा त्याच तत्त्वाचं. मी मात्र दवाखान्याच्या त्या लोखंडी बाकावर घरच्यापेक्षा चांगली झोपले.

तीन दिवसांनी घरी आलो. मावशींनी खडीसाखर मागितली, दिली. कानात तेल घालण्यावरून दुसऱ्याच दिवशी पुन्हा भांडलो.

मोजा फेकला नाही. नवऱ्याला नको म्हणवलं नाही, आणि महागाची वस्तू आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२१ मध्ये असाच मोजा विकणाऱ्या एका कंपनीला हटकलं होतं की हे वैद्यकीय उपकरण आहे, परवानगी कुठे आहे. दोन वर्षांनी, २०२३ च्या अखेरीस, तशा एका मोज्याला परवानगी मिळालीही, निरोगी बाळांसाठी, आणि डॉक्टरी तपासणीची जागा तो घेणार नाही या बोलीवर. डब्यावरची ती बारीक अक्षरं मी आता वाचली आहेत. कधी रात्री घालते, कधी विसरते. विसरल्याचं सकाळी लक्षात येतं, आणि तेही कधीकधी.

परवा रात्री विजा झाल्या आणि लाइट गेली. बाबांच्या वायरीनेही दगा दिला, डबी विझली. कूलर आता बंदच असतो, त्यामुळे घर एप्रिलमधल्यासारखं शांत. मी लेकीचं झबलं वर केलं, पोटावर हात ठेवला आणि सवयीने मोजायला लागले. दहा झाले की एक बोट मिटायचं. चौथं बोट मिटलं ते आठवतं, एक्केचाळीस, बेचाळीस, मग नाही. आई सांगते, सकाळी ती आली तेव्हा माझी चार बोटं तशीच मिटलेली, हात लेकीच्या पोटावर, लेक जागी होऊन माझा अंगठा चोखत होती, आणि पलंगाखाली कुठेतरी फोन वाजत होता. पुण्याहून.